गाळलेली हजेरी

माझी चूक सांगायला फार शब्द लागत नाहीत. नाशिकच्या एका सभागृहात, भरल्या खुर्च्यांसमोर, वेळ वाचवायचा म्हणून मी माझ्या थोरल्या भावाला त्यांच्या पोवाड्यातली मेलेल्या जवानांची नावं गाळायला लावली. त्यांनी ती गाळली. त्या क्षणी मला ती साधी काटछाट वाटली, कुठल्याही कार्यक्रमात करावी लागते तशी. त्यातलं एक नाव ऐकायला एक बाई डोंगरातून आली होती आणि तिसऱ्या रांगेत बसली होती. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दादांनी मला ते आधी सांगितलं होतं. मी त्या वेळी माझ्या भाषणाच्या तयारीत होतो.

या लेखात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. ती नावं ज्या घरांची आहेत त्यांना विचारल्याशिवाय छापायची नाहीत, एवढं आता कळतं. पण त्या दिवशी ती मोठ्याने घ्यायची होती, आणि त्यासाठीच माणसं आली होती.

दादा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. आमचं गाव चांदवडजवळचं, हायवेपासून थोडं आत. मी शाळेत जायला लागलो तेव्हा ते पायदळात भरती होऊन गेलेही होते. मी नाशिकला शिकलो, तिथेच कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो, फ्लॅट घेतला. दादा सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गावी परतले. गावात त्यांना सगळे सुभेदार म्हणत. मला सगळे सर म्हणत. दादा मात्र मला मास्तर म्हणायचे, त्यात थोडी चेष्टा असायची आणि बराच अभिमान.

नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांच्याकडे उत्तरेतल्या एका बर्फातल्या चौकीचा ताबा होता. खालच्या चौकीकडे जाणारी वाट बंद झाली होती आणि रॉकेल संपत आलं होतं. वाट मोकळी करायला त्यांनी काही जवानांना खाली पाठवलं. वरचा बर्फाचा कडा सुटला आणि सगळे त्याखाली गेले. पुढे कितीतरी दिवस शोध चालला. सगळे सापडले, एक सोडून. तो सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा मुलगा होता. घरून नेलेल्या नागलीच्या पिठाच्या भाकरी करून तो अख्ख्या चौकीला खाऊ घालायचा, असं दादा सांगायचे.

निवृत्तीनंतर दादांनी पोवाडा रचला. लिहिला नाही कधी. कांदा साठवायची चाळ रिकामी झाली की तिच्यात डफ घेऊन बसायचे आणि एकेक ओळ म्हणून बघायचे. फटीफटीतून आवाज बाहेर यायचा आणि रस्त्याने जाणारे टेम्पोवाले हॉर्न वाजवून दाद द्यायचे. पोवाड्याची सुरुवात चौकीच्या वर्णनाने, शेवट नमनाने. पण त्याचा जीव मधल्या भागात होता. दादा त्याला हजेरी म्हणत.

उभी राहा रे पलटण माझी, घेतो हजेरी आज
बर्फाखाली निजला त्याला देतो मी आवाज

आणि मग एकेक नाव. वडिलांच्या नावासकट, गावासकट, आणि प्रत्येकाची एखादी खूण. हा बेसूर गायचा, हा झोपेत गावाकडच्या बैलाशी बोलायचा, हा भाकरी करायचा.

दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावच्या देवळाच्या ओट्यावर आसपासच्या माजी सैनिकांचा मेळावा भरतो. तिथे दादांनी पहिल्यांदा हजेरी म्हटली तेव्हा नामपूरकडचे एक म्हातारे श्रोत्यांत होते. त्यांच्या मुलाचं नाव आलं तसे ते उठून उभे राहिले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "हजर शे." कुणी सांगितलं नव्हतं, ठरलं नव्हतं. दादा थांबले, त्यांनी म्हाताऱ्याला सॅल्यूट केला आणि पुढचं नाव घेतलं. त्यानंतर ती रीतच पडली. नाव आलं की त्या घरातलं कुणीतरी उठायचं आणि हजर म्हणायचं. कुणाचा बाप, कुणाची बहीण. ज्याच्या घरचं कुणी आलेलं नसेल त्याच्यासाठी दादा स्वतः हजर म्हणायचे. डोंगरातल्या त्या मुलासाठी दर वर्षी दादाच म्हणायचे, कारण दिवाळी झाली की त्याच्या घरचे पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला आलेले असत. काम टाकून मेळाव्याला मालक कुठला सोडणार?

मी तो मेळावा दोनदाच पाहिला. खरं सांगायचं तर मला नावांचा भाग लांबतो असं वाटायचं. सुरुवातीचं बर्फाचं वर्णन मला आवडायचं, त्यात उपमा चांगल्या होत्या.

आता माझ्या त्या दिवशीच्या भाषणातल्या सेनापतीविषयी. युरोपात बाल्कन म्हणून जो डोंगराळ भाग आहे, तिथल्या एका चिमुकल्या राज्यात एकोणिसाव्या शतकात एक सेनापती होऊन गेला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या एका इंग्रजी ग्रंथात मला तो भेटला आणि मी त्याच्या मागेच लागलो. धाकटा भाऊ राज्यावर बसलेला, आणि हा थोरला सैन्य घेऊन तुर्कांशी लढणारा. लढाई संपली की हा माणूस त्याच लढाईवर काव्य रचायचा. आपल्या एकतारीसारखं, पण गजाने वाजवायचं एक वाद्य तिकडे असतं, त्यावर तशी गाणी म्हटली जात. मला त्या माणसाचं इतकं वेड लागलं की घरी जेवताना माझी बायको म्हणायची, "तुमच्या त्या सेनापतींना वरण वाढू का अजून?"

एका सुट्टीत गावी गेलो तेव्हा चाळीच्या दाराशी बसून मी दादांना त्याची गोष्ट सांगितली. वहिनी शेजारी बसून शेंगा फोडत होत्या.

"कुठला म्हणलास?" दादांनी विचारलं.

"बाल्कनचा. आपल्या इकडच्यासारखेच डोंगर, त्यात मूठभर लोकांचं राज्य."

"आन् हा तिथला सुभेदार."

"सुभेदार नाही दादा, सरसेनापती. धाकटा भाऊ गादीवर, हा थोरला रणात."

"म्हंजी आपल्यावानीच की. धाकटा पंख्याखाली, थोरला थंडीत."

वहिनी हसल्या. "भाऊजींना लागंल बरं का."

"लागू दे. मास्तर हाय तो, त्याला सवय हाय." मग दादांनी डफाची कड पुसत विचारलं, "जिंकलेल्याच लढायांवर रचायचा का हरलेल्या बी?"

"ते बघावं लागेल."

"बघ. आन् मेलेल्यांची नावं घ्यायचा का?"

"घ्यायचा. कोण कुठल्या घराण्याचा, कोण कसा लढला, कोण कुठं पडला. डोंगरातल्या घरांत लोक गाणं ऐकत बसायचे ते आपल्या माणसाचं नाव येतं का म्हणून."

दादांनी डफ खाली ठेवला. मग म्हणाले, "मग तो खरा हाय. मी त्या पोरांना नाव घेऊन धाडलं होतं खाली. तू चल, तू चल, तू बी चल. आता नाव घेऊनच बोलवायचं, दुसरं काय हातात हाय आपल्या?"

त्याच बोलण्यात मला कल्पना सुचली. उन्हाळ्यातल्या एका व्याख्यानमालेत मला बोलायचं होतं. विषय हा सेनापती. त्याच्यावर मी बोलायचं आणि शेवटी दादांनी आपला पोवाडा म्हणायचा. दोन काळ, दोन डोंगर, एकच परंपरा. मला ते फार सुंदर वाटलं. दादांनाही आवडलं, पण वेगळ्या कारणाने. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"उन्हाळ्यात हाय ना? मग त्या पोराची आई येईल. उन्हाळ्यात ते पाड्यावर असतात. मी निरोप धाडला, तिचा उलट निरोप बी आलाय."

"येऊ द्या की."

"तसं नाय. ऐक नीट. त्याचं शरीर घावलं नाय, त्यामुळं पाड्यावर पेटी आली नाय, झेंडा नाय, सलामी नाय. आधी नुसतं बेपत्ता म्हणून कळवलं होतं. तिथं लोक बोलतात, पोरगं पळून गेलं, तिकडंच कुठं संसार मांडला. मेल्याचा कागद आला मागून, पण कागद कोण वाचतंय? ती म्हणते, मोठ्या हॉलात, माईकवर, सगळ्यांसमोर त्याचं नाव मेलेल्यांत घ्या. पाड्यावरची दोन माणसं ती संगं आणणार हाय, ऐकायला."

मी हो हो म्हणालो. लॅपटॉपवर त्या वेळी एक नकाशा उघडा होता आणि मी त्यात एक खिंड शोधत होतो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी दादा लष्करी शिस्तीने तासभर आधी आले. पांढरा शर्ट, छातीवर पदकं, पिशवीत डफ. त्यांच्याबरोबर ती बाई होती. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात एक कापडी पिशवी. मागे पाड्यावरचे दोन पुरुष, त्यातले एक टोपीवाले, वयाने मोठे. दादा म्हणाले, "ही त्याची आई." मी नमस्कार केला, "या मावशी, बसा," म्हणालो, आणि माईकवाल्याकडे गेलो. माईक शिट्टी मारत होता.

मी चाळीस मिनिटं बोलायचं आणि वीस मिनिटं दादांनी, असं ठरलं होतं. मी उभा राहिलो आणि लोक ऐकायला लागले. कॉलेजात असं कधी होत नाही. सेनापतीच्या एका लढाईवरून मी दुसरीवर गेलो. त्याच्या काव्यात पडलेल्या माणसांची नावं कशी येतात, यावर तर मी रंगून बोललो. काही नावं मी पाठ करून आलो होतो, परक्या उच्चारांची, जड. ती मी एकामागून एक म्हटली आणि सभागृह स्तब्ध झालं. मग त्याचा शेवट सांगितला. एवढ्या लढायांतून वाचलेला माणूस शेवटी पटकीच्या साथीत गेला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी घड्याळ पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि आणखी एक प्रसंग सांगितला.

मी बसलो तेव्हा चिटणीस वाकून म्हणाले, "सर, अप्रतिम. पण आता सुभेदारसाहेबांना आठ-दहा मिनिटांतच आटपावं लागेल. अध्यक्षांचं भाषण आहे, हॉल रिकामा करून द्यायचाय."

मी दादांकडे सरकलो. ते डफ मांडीवर घेऊन ताठ बसले होते.

"दादा, वेळ कमी आहे. नावं राहू द्या आज. सुरुवात घ्या आणि एकदम शेवटावर या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हजेरी नको घेऊ?"

"दहा मिनिटांत कशी बसेल? लोकांना नावांत काय कळणार? बर्फाचा भाग घ्या, तो छान आहे."

"ती बसलीय तिथं."

"दादा, पुढच्या वेळी घेऊ. प्लीज."

आयुष्यभर हुकूम पाळलेला माणूस होता. त्यांनी एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि डफ उचलला. आवाज लागला होता. बर्फाचं वर्णन झालं, कडा सुटला, आणि जिथे "उभी राहा रे पलटण माझी" यायचं तिथे त्यांनी श्वास घेतला, एक ताल रिकामा गेला, आणि ते नमनावर आले. टाळ्या जोरात झाल्या.

मला स्टेजवरून ती बाई दिसत होती. पोवाडा सुरू झाल्यापासून तिने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, पटकन उठता यावं म्हणून. टाळ्या वाजत होत्या तरी हात तसेच होते. अध्यक्षांचं भाषण झालं, लोक उठले, दोन्ही बाजूंनी निघून गेले, तरी तिला अजून काही व्हायचं आहे असंच वाटत असावं. मग टोपीवाले तिच्या कानाशी काहीतरी बोलले. तिने हात सोडले. शेवटची एसटी गाठायची म्हणून ते तिघं कुणाशी न बोलता बाहेर पडले. दादा स्टेजवरून उतरून मागे धावले, पण मधे माणसं होती. मीही त्या माणसांतच होतो, अभिनंदन घेत.

परत आल्यावर दादांनी डफ पिशवीत घातला. "तुम्ही लय चांगलं बोललात," ते म्हणाले.

त्यांनी मला तुम्ही म्हटलं. जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं, आजूबाजूला माणसं आहेत म्हणून असेल. पण पुढे फोनवरही ते तसंच बोलत राहिले. तुम्ही कसे आहात, तुमची तब्येत काय म्हणते. मास्तर म्हणणं बंद झालं. मला कळत होतं, आणि मी ते कळू देत नव्हतो. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी काढलेली पोवाड्याची क्लिप माझ्याकडे आली होती. मी ती कौतुकाने सगळीकडे पाठवली. माजी सैनिकांच्या ग्रुपवरही टाकली.

त्या दिवाळीच्या मेळाव्याला दादा नव्हते. त्याआधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा गेली. नाशिकला आणलं, दवाखाना माझ्या घरापासून जवळ होता. मी रोज जाऊन बसायचो. त्यांना ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. डोळे माझ्यावर असायचे. त्या खोलीत बोलायला दुसरं कुणी नव्हतं, वेळ होता, दार लोटलेलं असायचं. माफी मागायला याहून बरी जागा कुठली मिळणार होती? मी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचो. व्यायामवाला मुलगा हुशार आहे म्हणायचो. पाऊस लांबला, टोमॅटोला भाव आहे, असलं काहीबाही. एकदा त्यांनी डाव्या हाताने चादरीवर बोटं आपटायला सुरुवात केली. तो ताल होता. मी ओळखला, आणि म्हणालो, "दादा, आराम करा." काही आठवड्यांनी ते गेले. मी बोललो नव्हतो.

तेराव्यानंतर सगळे पाहुणे पांगले. दुपारी मी आणि वहिनी ओसरीवर बसलो होतो. मीच म्हणालो, त्या कार्यक्रमात नावं राहून गेली याचं मला वाईट वाटतं. हे इतक्या वरवर म्हणालो की आता लिहितानाही लाज वाटते.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही गेलो होतो तिकडं. तुम्हाला सांगितलं नाय त्यांनी."

"कुठं?"

"पाड्यावर. त्या कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी. डफ घेऊन. दोन बस बदलल्या, पुढं चालत गेलो. यांनी तिथं अख्खा पोवाडा म्हणला, हजेरीसकट. त्या बाईनं उभं राहून हजर म्हणलं. मला वाटलं, झालं, मिटलं. तर ते टोपीवाले म्हणाले, सुभेदार, इथं आमच्यासमोर तुम्ही म्हणाल हो. बाईला बरं वाटावं म्हणून म्हणाल. तिथं हॉलात का नाय घेतलं? पोरांच्या मोबाइलात सगळ्यांनी बघितलंय, त्यात कुणाचंच नाव नाय. मेलेल्यांत असता तर तिथं घेतलं असतं."

"मग दादांनी सांगितलं असेल ना, की मी..."

"नाय. तुमचं नाव नाय घेतलं त्यांनी. म्हणाले, माझीच चूक झाली, ऐन वक्ताला विसरलो." वहिनींनी पदराने नाक पुसलं. "तेवढ्यानं तर आणखीच बिघडलं. टोपीवाले म्हणाले, आपल्या हाताखाली मेलेल्या पोराला कुणी विसरतं का? म्हंजी त्यांच्या मनात जे होतं त्याला यांनीच पुरावा दिला. येताना बसमधी मी म्हणलं, खरं सांगायचं होतं की. तर म्हणाले, धाकटा हाय माझा. त्याला कुठं त्या लोकांसमोर उभा करू."

मला त्या दुपारी रडू आलं नाही. माझ्या एका वाक्याने एका मेलेल्या मुलाला पळपुटा ठरवलं होतं, आणि मला वाचवायला म्हणून दादांनी त्याच्यावर शिक्का मारला होता. हे पुसू शकणारा एकच माणूस आता उरला होता.

तरी मी लगेच गेलो नाही. परीक्षा होत्या, मग लग्नं होती. थंडीत एकदा गेलो. सुरगाण्याच्या एसटीने, पुढे एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून. घराला बाहेरून कडी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "द्राक्षात गेले समदे. होळीला येतील." मी पिंपळगावला जाऊन तिला मळ्यात शोधू शकलो असतो, रस्ता माझ्या घराहून तासाभराचा. पण ते तिला एकटीला सांगणं झालं असतं. हे कारण खरं आहे. तेवढंच खरं हेही आहे की ती कडी पाहून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

होळीला मी पुन्हा गेलो. या वेळी वहिनींना विचारलं, याल का. त्या म्हणाल्या, "नको. तुमचं तुम्ही जा."

दुपार उतरली होती. पाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत होळीचा उंच बांबू उभा करायचं काम चाललं होतं. कामावरून परतलेली माणसं, नवे कपडे घातलेली पोरं, एका बाजूला ढोलवाले. मला पाहून आधी टोपीवाले पुढे आले.

"तुमी त्या दिवशी बोललेले सर ना?"

"हो."

"त्या परमुलखातल्या सरदाराचं लय सांगितलंत तुमी. त्याच्या मेलेल्यांची नावंबी घेतलीत. तोंडपाठ होती तुमाला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आठवण द्यावी तसे बोलले.

ती बाई घराच्या पडवीत बसली होती. मी जवळ जाऊन खाली बसलो. सुभेदार गेल्याचं तिला कळलं होतं. "गुणाचा माणूस," ती म्हणाली, "डफ घेऊन इतक्या लांब आला माझ्यासाठी." मी म्हणालो, मावशी, मला तुम्हाला काही सांगायचं आहे, त्या दिवसाबद्दल. तिने हात वर करून मला थांबवलं.

"मला नको सांगू, भाऊ. माझं पोरगं कुठं हाय ते मला माहीत हाय. सांगायचं तर त्यांना सांग."

तिने पदर सावरला, उठली आणि माझ्या पुढे चालत त्या मोकळ्या जागेत गेली. टोपीवाल्यांना काहीतरी म्हणाली. त्यांनी हात केला तसे बांबू धरलेले लोक थांबले, ढोलवाले गप्प झाले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कागद आणला नव्हता. त्या मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, पाड्याचं नाव मी आधी मोठ्याने घेतलं. दोनदा घेतलं, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. मग म्हणालो:

"हा मुलगा पळाला नाही. सुभेदारांनी त्याला वाट मोकळी करायला पाठवलं होतं, आणि तो त्या कामावर असताना बर्फाखाली गेला. तो मेलेल्यांत आहे. सुभेदार माझे थोरले भाऊ. ते तुम्हाला इथं येऊन म्हणाले की मी विसरलो. ते खोटं बोलले, माझ्यासाठी. ते एकाही जवानाला विसरले नव्हते. त्या दिवशी हॉलात हे नाव घ्यायचंच होतं. मी घेऊ दिलं नाही. माझं भाषण लांबलं, वेळ उरला नाही, आणि मी त्यांना म्हणालो, नावं गाळा. या मावशी तिथं बसल्या आहेत हे ते मला सांगत होते, तरी म्हणालो. तुम्ही मोबाइलात जे पाहिलं ते माझं काम आहे. भावाची माफी मागायला मला वेळ होता, मी मागितली नाही, आता ते नाहीत. तुमची मागतो. तुमच्या पाड्यावरच्या मुलाला माझ्यामुळे बोल लागला, त्याची माफी मागतो. मावशी, तुम्ही इतक्या लांबून आलात आणि मी तुम्हाला तसंच परत पाठवलं. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. मला माफ करा."